आतली टकटक

१

जुसारा झानेल्ला प्रयोगशाळेत शिरली की कोट नंतर काढे, पडदा आधी बघे. बाहेर पोर्तो अलेग्रेतला जूनचा, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याचा बोचरा वारा, तळघरात पंख्यांची घरघर, आणि हिचे डोळे काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळींवर. चार वर्षं हा नेम चुकला नव्हता. रविवारची प्रार्थना चुकली, आईच्या वाढदिवसाला गावी जाणं चुकलं, पण हे नाही.

काम काय होतं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. जो प्रोसेसर अजून कुठल्याही कारखान्यात बनलेला नाही, तो कसा चालेल हे बनवण्याआधी कळायला हवं ना? मग खऱ्या यंत्राच्या पोटात एक खोटं यंत्र मांडायचं. त्याचे कोअर म्हणजे हिशेब करणारे मेंदू, त्याची मेमरी, त्याची डिस्क, त्याचं घड्याळसुद्धा, सगळं आकड्यांचं. यालाच सिम्युलेटर म्हणायचं. त्या खोट्या यंत्रावर खरीखुरी ऑपरेटिंग सिस्टम चालू करायची. आपण कुणाच्या तरी पोटात आहोत हे तिला बिचारीला कधी कळत नाही.

गैरसोय एकच. आतलं सगळं फार सावकाश चालतं. आतला एक सेकंद बाहेरचा जवळजवळ अख्खा दिवस खातो. पडद्याच्या कोपऱ्यात आतलं घड्याळ दिसे, आणि त्यातला सेकंदाचा आकडा आज बदलला की उद्याच बदले. म्हणून आतली सिस्टम एकदा जागी झाली की त्या क्षणाचा चेकपॉइंट घेऊन ठेवायची पद्धत होती. लोणचं बरणीत भरावं तसा तो क्षण जसाच्या तसा भरून ठेवायचा, आणि हवा तेव्हा झाकण उघडून तिथूनच पुढे चालवायचं. एकच क्षण शंभर वेळा उघडला तर शंभर वेळा शेवटच्या आकड्यापर्यंत तेच घडतं. आत योगायोग नसतो, असं जुसारा नव्या पोरांना बजावून सांगे.

तिला सोळा कोअर जागे करायचे होते. आठ उठत. नववा काही केल्या उठत नसे, आणि मग सगळं तिथंच गोठून बसे. परदेशात, ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी एकाच माणसाला पाठवायचं होतं, आणि जूनअखेर सोळा कोअरचे आकडे ज्याच्या हातात असतील तोच जाणार, असं प्रयोगशाळेचे प्रमुख आद्रोआल्दो सर यांनी सांगून टाकलं होतं. ती जागा जुसाराचीच, हे भिंतींनाही ठाऊक होतं. निदान मार्चपर्यंत तरी.

२

मार्चमध्ये सिबेली आली. दूर उत्तरेच्या बेलें शहराची, तिथल्या उन्हात वाढलेली, इथल्या पहिल्याच गारव्यात दोन स्वेटर घालून कुडकुडणारी. आल्या आल्या तिने आईने दिलेला, कुपुआसू नावाच्या तिकडच्या फळाच्या गोळ्यांचा डबा सगळ्यांपुढे फिरवला, आणि ज्याला त्याला दादा, ताई करत सुटली. त्यांच्याकडे तशीच बोलायची रीत आहे म्हणे. जुसाराला ते ‘ताई’ कानात खडा गेल्यासारखं टोचे.

पहिल्याच आठवड्यात सिबेलीचे सोळाच्या सोळा कोअर उठले. सर स्वतः तळघरात उतरून आले, पडद्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “कमाल केलीस, पोरी.” चार वर्षांपूर्वी ‘पोरी’ जुसारा होती. त्या दिवशी ती जेवलीच नाही. डबा उघडला, बंद केला आणि तसाच घरी नेला.

आता एक बारीकशी गोष्ट, पण तीही सांगायला हवी. दुपारी चारला या प्रयोगशाळेत शिमाराँवची फेरी होई. वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात कडू हिरवी पत्ती, वरून थर्मासातलं कढत पाणी, आणि एकच नळी. वोल्मीर, तिथला सगळ्यांत जुना विद्यार्थी, तुंबा भरे आणि एकेकाला देई. पिऊन झालं की तुंबा मुकाट्याने परत द्यायचा, तो पुन्हा फिरून येतो. परत देताना धन्यवाद म्हटलं, तर त्याचा अर्थ मला आता पुरे. मग पुन्हा कुणी देत नाही.

बेलेंच्या पोरीला हे कुठून माहीत असणार? पहिल्या दिवशी तिने गोड हसून धन्यवाद म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. वोल्मीरला वाटलं, हिला कडू आवडत नाही, उगाच भिडेखातर घेते. तिसऱ्या दिवसापासून त्याने तिला वगळलंच. रोज चारला तुंबा सिबेलीच्या पुढून पलीकडे जाई आणि ती त्याच्याकडे बघत राही. चूक काय झाली ते जुसाराला पहिल्याच दिवशी कळलं होतं. एका वाक्याचं काम होतं. तिने ते वाक्य तोंडातून काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर दिवसभरात तिला बरं वाटे ते त्याच वेळी.

दोघींच्या मध्ये प्लायवूडची पातळ भिंत होती. पलीकडून सिबेलीच्या कीबोर्डचा आवाज येई. आधी धबाधबा, मग एकदम थांबणं, मग चुकलेलं अक्षर पुसल्याची एक टक आणि तेच अक्षर पुन्हा. तसं प्रत्येक ओळीत. जुसाराला ती चाल तोंडपाठ झाली. एकदा सिबेलीने भिंतीवरून डोकं काढलं.

“ताई, तुझा नववा उठत नाही ना? विचार की मला. सांगते.”

“काही अडलेलं नाही माझं,” जुसारा म्हणाली आणि तिच्याकडे न बघता टाइप करत राहिली. टाइप काय केलं ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

३

जूनचा मध्य उलटला तेव्हा जुसाराने ती गोष्ट केली. सगळे जेवायला वर गेले होते. तिने सिबेलीचा चेकपॉइंट आणि सगळी मांडणी गुपचूप आपल्या टेबलाखालच्या यंत्रावर उतरवून घेतली. खरं तर प्रयोगशाळेत चेकपॉइंट मागून घेणं ही रोजचीच गोष्ट, त्यात चोरी कसली? पण मागायचं म्हणजे तोंड उघडायचं. जुसाराला चोरी सोपी वाटली.

मांडणी उघडली आणि तिला कपाळावर हात मारावासा वाटला. आत कोअरना हाका मारणारा एक भाग असतो. त्याने हाक मारली तरच कोअर उठतो. जुन्या पद्धतीतला तो भाग आठांनाच हाक मारू शकतो. नववा झोपलेला नव्हता, त्याला कुणी हाकच मारली नव्हती. सिबेलीने तो भाग बदलून नवा बसवला होता, बस्स. चार वर्षांत जुसाराला हे सुचलं नव्हतं, आणि आता सुचून उपयोग नव्हता, कारण सगळं पहिल्यापासून मांडायला महिनाअखेरपर्यंत वेळ नव्हता.

तिने सिबेलीचा क्षण उघडला. प्रयोगाला नाव आपलं दिलं. सोळाच्या सोळा कोअर कामाला लागले. चाचणीचं काम आधीच मेमरीत चढलेलं होतं, ते मागे गुमान चालू राहिलं, आणि आतल्या पडद्यावर फक्त एक रिकामी ओळ उरली, हुकमाची वाट बघत. त्या ओळीवर काही लिहायचं तर बाहेरून एक जोडणी करावी लागे. जुसाराने ती केली नव्हती. तिला फक्त बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोट अंगात असतानाच, तिने पडदा बघितला. रिकाम्या ओळीवर एक अक्षर होतं. आर.

४

पहिला विचार काय आला असेल? सिबेलीने सापळा लावून ठेवलाय. चेकपॉइंट घेताना आत काहीतरी पेरून ठेवलंय, चोराला पकडायला. जुसाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दिवसभर ती पलीकडच्या टकटकीकडे कान लावून बसली, पण पलीकडे नेहमीचंच चाललं होतं. जेवणानंतर ‘आर’च्या शेजारी ‘एम’ आलं. मग मोकळी जागा. मग एक आडवी रेघ. असल्या ओळीवर ज्याने कधी हुकूम टाइप केले आहेत त्याला हे समजावून सांगायला नको. पुसून टाकायचा हुकूम लिहिला जात होता.

ती शहाणी होती, घाबरून पळणारी नव्हती. तिने एकेक गोष्ट तपासली. जोडणी बंद होती, दोनदा बघितली. आत आपोआप चालणारी एखादी आज्ञावली आहे का, ते बघितलं. नव्हती. मग कोपऱ्यातल्या जुन्या मोकळ्या यंत्रावर तिने तोच क्षण पुन्हा उघडला. तिथे मागचं काम आकड्याला आकडा जुळत गेलं, पण हुकमाची ओळ रिकामीच राहिली. म्हणजे सापळा नव्हता. सापळा असता तर तिथेही उघडला असता. ते यंत्र वोल्मीरला हवं होतं म्हणून दोन दिवसांनी तिने तो प्रयोग बंद केला, आणि पुढे त्या गोष्टीचा तिला फार पश्चात्ताप झाला, कारण तिथे तेच आकडे बिनधोक मिळाले असते.

वोल्मीरला तिने आडून आडून विचारलं, की आतल्या पडद्यावर आपोआप अक्षरं उमटलेली कधी बघितली आहेत का. तो म्हणाला, “झोप काढ थोडी. मला तर गेल्या वर्षी आतून माझी आजी जेवायला बोलावत होती.” आणि आपल्याच विनोदावर हसत थर्मास भरायला गेला.

मग तिने हिशेब केला, आणि तो करायला नको होता. अक्षरं दर काही तासांनी येत होती. आतला सेकंद म्हणजे बाहेरचा दिवस. म्हणजे आतल्या वेळेत सेकंदाला दोन-तीन अक्षरं, म्हणजे अगदी साधा, रोजचा टाइप करण्याचा वेग. बाहेरून कुणी खोडी काढत असतं तर बाहेरच्या वेगाने काढली असती. हे लिहिणारे हात आत होते आणि आपल्या सवडीने लिहीत होते. त्यांच्या दृष्टीने अजून पुरते दोन सेकंदही झाले नव्हते.

आडव्या रेघेनंतर पुन्हा आर आला, पुन्हा मोकळी जागा, आणि मग सी. सिबेलीचं नाव याच अक्षराने सुरू होतं.

५

आतल्या डिस्कवर सिबेलीच्या नावाचा एक फोल्डर होता, तिच्या कामाचा. तिचीच डिस्क, त्यात नवल नाही. तो पुसला जाणार, एवढंच. आणि पुसला गेला तरी काय बिघडलं? ती नक्कल होती. खरी डिस्क पलीकडे, भिंतीआड सुखरूप. जुसाराने स्वतःला हे इतक्या वेळा समजावलं की शेवटी ते पटण्याऐवजी बरं वाटू लागलं. आय आलं. बी आलं. प्रत्येक अक्षरासरशी छातीत काहीतरी सैल होई. पलीकडे ती पोरगी फोनवर आईशी हसत बोले आणि जुसारा पडद्याकडे बघून मनात म्हणे, अजून तीन.

वाईट होती का ती? नव्हती, पण चार वर्षं वाट बघून हातातोंडाशी आलेला घास जाताना माणसाचं काय होतं ते त्या माणसालाच विचारावं.

नाव पूर्ण झालं त्या सकाळी तिला एक गोष्ट सुचली. सिम्युलेटर आतल्या प्रत्येक घडामोडीची वेळ आतल्या घड्याळाप्रमाणे टिपून ठेवतो. प्रत्येक अक्षर नेमकं केव्हा आलं, हे तिथे होतं. तिने त्या वेळा घेतल्या, प्रत्येकीवर एक बारीक टक लावली आणि ते आतल्या वेगाने ऐकायला म्हणून कानाला हेडफोन लावले. सिबेलीची चाल निघणार याची तिला खात्री होती. धबाधबा, थांबणं, पुसणं. निघाली की सरांपुढे ठेवायचं ठरवूनच ती बसली होती.

जेमतेम पाच सेकंदांचं होतं ते. सगळे ठोके सारखे, शांत, जराही घाई नाही. फक्त सीच्या आधी एक अडखळ. मग पुढच्या ईच्या आधी तशीच. आणि शेवटच्या ईच्या आधी पुन्हा.

जुसाराने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. लहानपणी दाराच्या फटीत सापडून तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट चेपलं होतं. ते नीट वाकत नाही. सी आणि ई ती त्याच बोटाने टाइप करते, आणि दर वेळी किंचित उशीर होतो. ती तशीच बसून आपल्या हाताकडे बघत राहिली. हात मांडीवर होता, गार पडलेला.

तेव्हाही थांबवता आलं असतं. एक कळ दाबली की आतलं जग जागच्या जागी बंद. पण ते बंद केलं तर सोळा कोअरचे आकडे गेले, आणि पुन्हा उघडून महिनाअखेर गाठणं शक्य नव्हतं. आकडे गेले म्हणजे ग्रेनोबल गेलं, आणि तिथे कोण जाणार हे सांगायला नको. एंटर अजून दाबलं गेलेलं नव्हतं. हुकूम नुसता लिहिलेला होता. जुसारा उठली, तोंडावर पाणी मारून आली आणि पडद्याला हात न लावता दुसरं काम काढून बसली.

६

दुपारी जेवून आली तेव्हा ओळ रिकामी होती. एंटर दाबलं गेलं होतं, हुकूम सुटला होता.

पलीकडे आवाज नव्हता. चारला तुंबा फिरला. वोल्मीरने सिबेलीच्या जागेपुढून तो नेहमीसारखाच पलीकडे नेला, आणि वगळलेली आज तिथे नाही, हे बघायला थांबला नाही. पाच वाजून गेले तेव्हा जुसाराने विचारलं, सिबेली कुठे गेली. वोल्मीरने जरा आठवल्यासारखं केलं. “कोण, ती? गेली असेल गं घरी. तिला कुठे मानवत होतं इथलं.” आणि त्याने विषयच सोडला, पाऊस थांबला का असं काहीतरी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आद्रोआल्दो सर उतरून आले. जुसाराचे आतापर्यंतचे आकडे बघून खूश झाले. अजून आठ-दहा दिवस काम असंच चालू दे, शेवटचे आकडे आले की तुझ्या जाण्याचे कागद करू, म्हणाले. जुसाराने घसा साफ करून विचारलं, की सिबेलीचं काय. सरांच्या चेहऱ्यावर असं काही आलं नाही की ते लपवत आहेत किंवा विसरलेत. ते फक्त म्हणाले, “तुझ्याशिवाय होतंच कोण, पोरी?”

हा शब्द ऐकायला तिने किती दिवस कान टवकारले होते. आता आला. जिच्यावर कुरघोडी करायची तीच नसेल तर जिंकलं म्हणायचं कशाला?

सगळे गेल्यावर तिने पहिल्यांदा भिंतीवरून पलीकडे डोकावून बघितलं. टेबलावर कुपुआसूचा डबा होता, तळाशी दोन गोळ्या. स्वेटर खुंटीला. खुर्ची मागे सरकलेली, पाठ दाराकडे, तोंड समोरच्या भिंतीकडे. ती चाकांची, गोल फिरणारी खुर्ची होती. गादीवर बसल्याचा खळगा होता.

सकाळी खुर्चीचं तोंड समोरच्या भिंतीकडे नव्हतं. थोडं खिडकीकडे वळलेलं होतं. झाडणाऱ्या बाईने हलवली असेल, जुसाराने म्हटलं. दुपारी ते खिडकीच्या पलीकडच्या कडेला होतं. तिने हेडफोनची वायर खुर्चीच्या हाताच्या रेषेत जमिनीवर ताणून ठेवली आणि संध्याकाळी येऊन बघितलं. कुणी खुर्ची ढकलत नव्हतं. ती एकटीच, डोळ्याला दिसू नये इतकी सावकाश फिरत होती, माणूस नुकतंच उठून गेल्यावर फिरते तशी. गादीवरचा खळगा निम्मा भरला होता.

ती आपल्या जागेवर येऊन बसली. आतल्या पडद्यावर, रिकाम्या ओळीवर, आर आलेला होता.

७

यावेळी तिला हेडफोन लावायची गरज नव्हती. चार अक्षरं धडाधड आली, एका दिवसात. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा मोकळी जागा, आणि जे. यू. एस. तो एस पुसला गेला आणि तिथेच पुन्हा एस आला. ही चाल तिने तीन महिने प्लायवूडच्या भिंतीतून ऐकली होती.

तिने बंद करायची कळ तीनदा धरली. पहिल्यांदा वोल्मीर आला आणि गप्पा मारत उभा राहिला. दुसऱ्यांदा सरांचा निरोप आला, की ग्रेनोबलच्या माणसांना कळवलंय, त्यांनी तिच्यासाठी खोलीसुद्धा बघितली आहे. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही, कुणी थांबवलं नाही. तिने फक्त हिशेब केला. आकडे पूर्ण व्हायला आतले अजून एक-दोन सेकंद हवे होते. नाव पूर्ण व्हायलाही जवळपास तेवढेच. कोणतं आधी, ते सांगता येत नव्हतं. बंद केलं की जागा जाणार हे नक्की होतं, आणि दुसरं काय होणार ते नक्की नव्हतं. मागून विचार केला तर वाटतं, तिथेच ती गेली. पण तेव्हा तिला एवढंच दिसत होतं, की आता सोडलं तर हे सगळं, ती भिंत, तो खुर्चीचा खळगा, कशासाठी होतं?

नावाचं शेवटचं अक्षर आलं त्या दिवशी दुपारी छान ऊन पडलं होतं. तळघराच्या उंच खिडकीतून त्याचा एक चौकोन भिंतीवर पडला होता. आकडे जवळजवळ पुरे झालेले, शेवटचे तेवढे बाकी. चार वाजले. वोल्मीरने थर्मास आणला, पत्ती नीट एका बाजूला लावली, पहिला तुंबा रीतीप्रमाणे स्वतः प्यायला आणि फेरी सुरू केली. डावीकडून एकेक करत तो जुसारापाशी आला आणि तुंबा तिच्यापुढून पलीकडे घेऊन गेला.

“मी कुठे पुरे म्हटलं?” जुसारा म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. तो पुढच्याला तुंबा देऊन परतलासुद्धा होता, आणि काहीतरी बोलून हसत होता. त्याचं बोलणं पाखरांच्या चिवचिवाटासारखं बारीक आणि भरभर येत होतं, शब्द हाती लागत नव्हते. जुसारा उठायला गेली. ती खुर्चीतून निम्मी उठेपर्यंत दोन फेऱ्या होऊन थर्मास रिकामा झाला. उन्हाचा चौकोन भिंतीवरून डोळ्यांदेखत सरकत गेला, तांबडा झाला आणि मावळला. दिवे लागले, विझले. माणसं दारातून आत आली, बाहेर गेली, पुन्हा आली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. त्यांना थांबून बघायला वेळच नसावा.

मग हळूहळू सगळ्याचे आवाज बारीक होत होत ऐकूच येईनासे झाले. पंख्यांची घरघरसुद्धा. इतकी शांतता त्या तळघरात चार वर्षांत कधी झाली नव्हती.

जुसाराने पडद्याकडे बघितलं. हुकमाची ओळ रिकामी होती. कोपऱ्यातल्या आतल्या घड्याळाचे सेकंद एकामागून एक पुढे चालले होते, कुणाच्याही घरातल्या घड्याळाचे चालतात तसे.

भिंतीपलीकडे चाकं करकरली. कुणीतरी खुर्ची पुढे ओढून घेतली, गोळीचा कागद सोडवला आणि धबाधबा टाइप करायला लागलं. मग थांबलं.

“आलीस का, ताई?” पलीकडून आवाज आला, जराही राग नसलेला. “विचारलं असतंस ना, तर सांगितलं असतं मी.”